हिरडसड्याची न टेकलेली माती

बसा मंडळी, देवळाच्या या पायरीवर सावली आहे. निसणीची, शिडीसारखी उभी वाट चढून आलात, पाय भरून आले असतील. पाणी मागच्या टाक्यात आहे, गार आहे.

वर येताना तुमच्यातल्या कोणीतरी विचारलं, की सड्याला, म्हणजे या खडकाळ पठाराला, वेढा घालून गेलेली ही पायवाट कुठे जाते. ती कुठेच जात नाही. या देवळापासून निघते, पश्चिमेच्या कड्याकडेनं जाते, दक्षिणेच्या टोकाला वळते आणि पूर्वेच्या ओढ्याकाठानं परत इथंच येते. दोन कोसांचा फेरा आहे. जांभ्या खडकात ती हातभर रुंद आणि काही ठिकाणी वीतभर खोल झिजली आहे. श्रावणात सगळा सडा फुलांनी भरून जातो, पण त्या वाटेवर गवताचं पातं उगवत नाही. आणखी एक गोष्ट आहे. आसपासच्या प्रत्येक डोंगरावर तुम्हाला हद्दीचे दगड दिसतील, चुना फासलेले. हिरडसड्यावर एकही नाही.

माझं नाव अनंत चाळके. अडतीस वर्षं शाळेत मास्तर होतो, म्हणून सगळे गुरुजी म्हणतात. आमचं घर इथल्या पाटलांचं. मी सांगणार आहे त्यात आमचा एक पूर्वज येतो आणि तो काही फार बरा दिसत नाही. पण हे पाटलाच्या घरच्यानंच सांगायचं आणि त्यातलं त्याचं काही गाळायचं नाही, असा गावाचा रिवाज आहे. माझ्या आजीनं मला सांगितलं, तसं सांगतो.

त्या काळी सड्यावर तीन वाड्या होत्या. एक कुणब्यांची, तिच्यात पाटलाचं घर. दुसरी धनगरांची, कड्याच्या अंगाला. तिसरा महारवाडा, ओढ्यापलीकडे, जिथं आज बौद्धवाडी आहे. सगळे मिळून चाळीस उंबरे. घाटावर एका सरकारचा अंमल होता आणि तळकोकणात दुसऱ्याचा. त्यांची नावं जुनी माणसं घेत नसत. ती म्हणत, वरचे आणि खालचे. वरच्यांचं म्हणणं, आमची हद्द पश्चिमेच्या कड्यापर्यंत. खालच्यांचं म्हणणं, आमची हद्द पूर्वेच्या ओढ्यापर्यंत. या दोन म्हणण्यांच्या मधे हा सडा पडला होता.

सड्यावर पिकत काय होतं? नाचणी आणि वरी. त्यासाठी कोणी भांडलं नसतं. भांडण या वाटेचं होतं. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी निसणीनं वर चढे, घाटावरून गूळ आणि मिरची खाली उतरे. सडा ज्याचा, त्याची वाट. म्हणून तीन पिढ्या दोन्हीकडची शिबंदी, हत्यारबंद शिपाई, इथं येत राहिली. वरचे आले की विचारत, खालच्यांना धान्य का दिलंत? खालचे आले की विचारत, वरच्यांना का दिलंत? आम्ही दिलं नाही, त्यांनी नेलं, हे उत्तर दोघांनाही चालत नसे. पाटलाच्या घरात दोन पागोटी असत, एक वरच्यांनी बांधलेलं, एक खालच्यांनी. कड्यावरचे धनगर शीळ घालत. एक शीळ म्हणजे खालचे येताहेत, दोन म्हणजे वरचे. शीळ ऐकून पाटील पागोटं बदलत असे. एकदा वाऱ्यात दुसरी शीळ ऐकू आली नाही, आणि त्या वेळच्या पाटलाला वरच्यांनी दारातल्या फणसाला टांगलं. त्याच्यामागे त्याचा मुलगा सुभानजी पाटील झाला. हाच आमचा पूर्वज.

सुभानजीच्या काळात निसणीच्या तोंडाशी मोठी चकमक झाली. म्हणे, ओढ्याचं पाणी दोन दिवस पिता आलं नाही. तेव्हा या दोन्ही सरकारांच्या वर जो दरबार होता, त्यानं हुकूम काढला की भांडण पुरे, मातीची चाल करून हद्द ठरवा.

मातीची चाल म्हणजे काय, ते सांगतो. गावची शीव महाराच्या वतनाकडे असे. कोणाचा बांध कुठे, कोणती खूण कोणत्या झाडाची, हे त्याला ठाऊक. त्यानं न्हाऊन, देवीपुढची माती घोंगडीच्या तुकड्यात बांधून डोक्यावर घ्यायची आणि चालायचं. तो चालेल ती हद्द. जिथं तो माती जमिनीला टेकवील तिथं हद्द संपली आणि चालही संपली. मधे कोणी बोट दाखवायचं नाही. आणि दोन्ही सरकारांनी धारजाईपुढे, याच देवळात, बेलभंडारा उचलून शपथ घेतली की माती डोक्यावर आहे तोवर कोणी हत्यार उपसणार नाही, आणि या गावच्या कोणाही धरलेल्या माणसाच्या जिवाला हात लावणार नाही.

धरलेली माणसं होतीच. चालीत खोटं होऊ नये म्हणून जामीन पाहिजे, असं सांगून वरच्यांनी सड्यावरची अकरा माणसं गडावर नेली होती. ते कळल्यावर खालच्यांनी नऊ नेली, आपल्या कोटात. या नवांत सुभानजी पाटलाचा एकुलता मुलगा बाळोजी होता. वरच्या अकरांत सिदनाक होता, शिवेच्या वतनदाराचा, येसनाकाचा मुलगा.

चाल येसनाकानंच करायची होती. त्याला देवळासमोर उभं केलं. तो म्हणाला, "गावची शीव मला ठावी हाय. डोळं मिटून चालीन. पर राजांची शीव मला कुणी दावली न्हाई. माज्या बाला न्हाई, आज्याला न्हाई. सड्यावर दोन्हीकडली गुरं चरायची, एवढंच आमी ऐकलंय."

हे खरं होतं, असं आजी म्हणायची. खरंच अशी कुठली रेघ कधी नव्हती. पण खऱ्याचं त्या दिवशी कोणाला काम नव्हतं. खालच्यांच्या नाईकाला वाटलं, याला वरच्यांनी फितवलाय, मुलगा त्यांच्याकडे आहे म्हणून. त्यानं येसनाकाला फटके मारवले. चौथ्या दिवशी येसनाक गेला.

मग वतनाच्या घरात उरली कोण? त्याची बायको मैनाई आणि सून रुपाई. मैनाई पन्नाशीची, वाळकी, कमी बोलणारी. नवरा शिवेवर फिरे तेव्हा वीस वर्षं ती भाकरी घेऊन त्याच्या मागून फिरली होती. बाईमाणसानं चाल करावी की नाही, यावर दोन्हीकडचे कारकून दोन दिवस वाद घालत बसले. शेवटी दोघांनीही मान्य केलं. प्रत्येकाला मनातून वाटत होतं, विधवा बाई आहे, आपल्या धाकात राहील.

चालीच्या आदल्या दिवशी सकाळी वरच्यांचा हवालदार तिच्या दारात आला. म्हणाला, "कड्याकडनं चाललीस तर मुलगा परत मिळेल. ओढ्याकडनं चाललीस तर त्याला गडावरून ढकलू." दुपारी खालच्यांचा नाईक आला. त्यानं सांगितलं, ओढ्याकडनं चाल, नाहीतर नवांची डोकी याच वाटेवर पुरू.

संध्याकाळी सुभानजी पाटील आला. पाटील महारवाड्यात पाऊल टाकत नसे. तो अंगणाबाहेर, दगडापाशी थांबला.

"मैने," तो म्हणाला, "बाळोजी माझा एकुलता हाय."

मैनाई चुलीपुढून उठली नाही. "माजाबी एकुलताच हाय, पाटील," ती म्हणाली.

पाटील तिथूनच माघारी वळला. कारण सड्यावर प्रत्येकाला हिशेब उघड दिसत होता. ती कड्याकडनं गेली तर खालचे नऊ मरणार. ओढ्याकडनं गेली तर वरचे अकरा मरणार. कोणाचं घर कोणत्या बाजूला रडणार, एवढंच ठरायचं होतं.

दुसरा दिवस कार्तिक वद्य पंचमीचा. नाचणी कापणीला आली होती. दोन्हीकडची चाळीस-चाळीस माणसं ढाली पाठीला लावून देवळाभोवती उभी. वरिष्ठ दरबारानं विसाजीपंत नावाचा एक म्हातारा कारकून साक्षीला पाठवला होता, तो घोंगडीवर लिहायला बसला होता. मैनाई ओढ्यावर न्हाऊन ओल्या लुगड्यानं आली. तिनं देवळाच्या दारातूनच हात जोडले, तिला आत जायची मुभा नव्हती. गुरवानं माती आणून बाहेर ठेवली. ती येसनाकाच्या घोंगडीच्या तुकड्यात बांधून तिनं डोक्यावर घेतली.

या देवळापुढे, इथंच, दोन वाटा फुटतात. ती थांबली. मग कड्याच्या वाटेला लागली. वरच्यांच्या हवालदारानं मिशीवर हात फिरवला. पाटलाच्या घरातून बायकांचा आवाज उठला. मैनाई चालत राहिली, कड्याकडेनं, कुठे न थांबता, दक्षिणेच्या टोकापर्यंत. तिथं दोन्ही सांगितलेल्या हद्दी एकत्र येतात. तिथं माती टेकवायची होती.

ती तिथं उभी राहिली. सगळे तिच्या हातांकडे बघत होते. तिनं माती टेकवली नाही. ती वळली आणि ओढ्याच्या काठानं परत चालू लागली. आता खालचे खुशीत आले. ती या देवळापाशी आली. टेकवील, आता टेकवील, असं म्हणेपर्यंत ती पुन्हा कड्याच्या वाटेला लागली होती.

"माती ठेव!" हवालदार ओरडला.

मैनाई म्हणाली, "शीव अजून सरली न्हाई."

सगळ्यांनी विसाजीपंतांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं बराच वेळ विचार केला, आणि लेखणी बुडवून लिहिलं, चाल सुरू आहे.

काही लोक सांगतात, धारजाईनं तिला आदल्या दिवशी दृष्टांत दिला होता. काही म्हणतात, येसनाकानं मरताना तिच्या कानात सांगितलं होतं. माझ्या आजीला यातलं काही पटत नसे. ती म्हणायची, दृष्टांत कसला? ती टोकाला पोचली, आणि तिचे हात खाली आलेच नाहीत. आपण हात खाली नेला की कोणाचातरी मुलगा मरणार. मग ती चालली. दुसरं करायचं काय?

सूर्य मावळला तेव्हा तिचे सहा फेरे झाले होते. अंधारात ती एका हिरड्याला टेकून उभी राहिली, माती डोक्यावर तशीच. रुपाई तिला आंबील पाजायची, वाटी ओठाशी धरून. उजाडलं की पुन्हा चाल. सुरुवातीला शिपाई तिच्या मागून फिरत होते. तिसऱ्या दिवशी ते जागोजाग बसून राहिले आणि ती पुढ्यातून गेली की फक्त बघत.

गावाच्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला. ती चालते आहे तोवर कोणी मरत नाही. त्या दिवशी तिन्ही वाड्यांतली माणसं शेतात उतरली आणि नाचणी कापू लागली. गेल्या तीन वर्षांत पीक पहिल्यांदा घरात आलं. धनगरवाड्यातली ठकू झोरे नावाची एक बाई रोज ताकाचं मडकं घेऊन कड्यावर थांबायची आणि मैनाईच्या बरोबरीनं थोडी चालायची. तिचा नवराही वरच्यांच्या अकरांत होता. पाटील फेऱ्याच्या मागून चालायला लागला होता, दहा पावलांचं अंतर ठेवून.

पाचव्या दिवशी मैनाईच्या तळव्यांची कातडी गेली. रुपाईनं चिंध्या बांधल्या, त्या दुपारपर्यंत भिजल्या. जांभ्यावर रक्त दिसत नाही, दगडच तांबडा. पण ती पुढे गेली की मागून येणाऱ्यांच्या पायांना चिकट लागायचं.

सातव्या दिवशी भर दुपारी, कड्याच्या मध्यावर, तिचा तोल गेला.

आता मी जे सांगतो ते सांगताना आमच्या घरात आवाज खाली जातो. तिच्या सगळ्यांत जवळ सुभानजी पाटील होता. माती पडली असती तर चाल संपली असती, आणि तीही कड्याच्या बाजूला संपली असती. म्हणजे सडा वरच्यांचा आणि कोटातले नऊ मेले, त्यांत त्याचा बाळोजी. हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्यानं एक हात उचललाही, म्हणे. पण तो हात तिच्यापर्यंत गेला नाही. मधेच थांबला. आपला मुलगा मरतो आहे हे दिसत असूनही तो माणूस एका महाराच्या बाईला शिवू शकला नाही.

ठकू झोरे मागून धावत आली. तिचं मडकं फुटलं. तिनं मैनाईच्या डोक्याला डोकं लावलं आणि माती आपल्या डोक्यावर ओढून घेतली. मैनाई खाली बसली, मग आडवी झाली.

दोन्हीकडचे कारकून धावत आले. चालणारी बदलली, चाल मोडली, असं दोघेही ओरडत होते. विसाजीपंत काठी टेकत आले. त्यांनी खाली वाकून जमीन पाहिली, हात फिरवून पाहिली. म्हणाले, "मातीला जमीन लागलेली नाही. माती कुणाच्या डोक्यावर हे हुकुमात लिहिलेलं नाही. चाल सुरू आहे."

मैनाईनं डोळे उघडले. "माती?" तिनं विचारलं.

"डोईवर हाय," ठकू म्हणाली.

"मग हुबी का? चाल."

ठकू चालू लागली. तिचा फेरा पुरा व्हायच्या आत मैनाई गेली. रुपाईनं तिला कड्यावरच पुरलं. तुम्ही वर येताना डाव्या हाताला दगडांची रास पाहिली असेल, ती तिची.

त्यानंतर गाव चाललं. आधी धनगरवाड्यातल्या बायका, मग महारवाड्यातली माणसं, मग भीत भीत कुणब्यांची. कोणी कोणाच्या हातून पाणी घेत नव्हतं, पण माती घेत होते, डोक्याला डोकं लावून. दिवसाला एक घर, सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. पाटलाची सून सगुणा, बाळोजीची बायको, तीही चालली. ती पाटलाला न विचारता चालली.

विसाव्या दिवशी उजाडता उजाडता गडावरून एक पोतं आलं.

वरच्यांच्या किल्लेदाराला उबग आला होता. चालणारी बाई मेली, म्हणजे आमची शपथ फिटली, असं त्यानं ठरवलं. अकरा माणसांना त्यानं गडाच्या पूर्वेच्या बुरुजावरून खाली टाकलं आणि त्यांची मुंडाशी पोत्यात भरून पाठवून दिली. मुंडाशी या पायरीसमोर ओतली. बायका येऊन आपापलं ओळखू लागल्या. ठकूला तिच्या नवऱ्याचं सापडलं. रुपाईला सिदनाकाचं सापडलं, त्यावर तिनंच लावलेलं ठिगळ होतं.

आदल्या सकाळपासून माती सगुणेच्या डोक्यावर होती. ती ओढ्याकडून फेरा संपवून या देवळापाशी आली आणि तिला सगळं दिसलं. तिच्यानंतरची पाळी येसनाकाच्या घराची होती. म्हणजे रुपाईची.

ध्यानात घ्या मंडळी, आता उरलं होतं काय. वरचे अकरा मेले होते. माती डोक्यावर ठेवून आता फक्त खालच्या कोटातले नऊच वाचणार होते. त्या नवांत महारवाड्यातलं कोणीही नव्हतं. रुपाईचा सासरा मेला, सासू मेली, नवरा मेला. तिनं माती घ्यायची आणि पायाशी ठेवून द्यायची, एवढंच केलं असतं तरी तिला कोण काय म्हणणार होतं? हवालदारही ते ओळखून होता. तो म्हणाला, "ठेव बाई. पुरे झालं. घरी जा."

रुपाई मुंडासं मांडीवर घेऊन बसली होती. ती उठेना. सगुणा माती घेऊन उभी.

सुभानजी पाटील पुढे आला. रुपाई आणि सगुणा यांच्या मधे, वाटेवर, तो उभा राहिला. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि जमिनीवर ठेवलं.

रुपाईनं वर पाहिलं. "माजी सासू पडली तवा तुमी जवळ व्हता," ती म्हणाली.

"व्हतो."

"हात का न्हाई फुडं केला?"

देवळासमोर शंभरावर माणसं होती. दोन सरकारांची शिबंदी होती, तिन्ही वाड्या होत्या. पाटील म्हणाला, "विटाळाला भ्यालो."

"आन् लेक?"

"त्यो दिसत व्हता डोळ्यांफुडं. तरीबी भ्यालो."

रुपाई उठली. तिनं मुंडासं कमरेला बांधलं. चालत ती वाटेवर आली. पाटील अजून तिथंच उभा होता. त्या काळी पाटील समोरून आला की महाराच्या माणसानं वाट सोडून खाली उतरायचं, लांब व्हायचं, अशी रीत होती. ती त्याच्यासमोर थांबली.

"वाट सोडा, पाटील," ती म्हणाली.

सुभानजी पाटील वाटेवरून खाली गवतात उतरला. रुपाईनं सगुणेच्या डोक्याला डोकं लावलं, माती घेतली आणि कड्याच्या वाटेला लागली.

एकेचाळीस दिवस चाल झाली. मग देशावर मोठी लढाई पेटली. तो वरिष्ठ दरबारच बुडाला, विसाजीपंत आपलं बाड काखोटीला मारून निघून गेले, दोन्हीकडची शिबंदी आपापल्या धन्यांनी परत बोलावली. फाल्गुनात खालच्यांनी कोट रिकामा केला. नवांतले सात परत आले. दोघे कोटातच तापानं गेले होते. बाळोजी आला, एका पायानं अधू. आमचं घर त्याच्यापासून वाढलं. त्या अकरांची शरीरं कोणाला मिळाली नाहीत. शपथ मोडणारा किल्लेदार आंधळा होऊन रानात हिंडत मेला, असं सांगतात. आजी म्हणायची, तसलं काही नाही, तो म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला.

माती मात्र टेकवली नाही. टेकवली तर हद्द ठरेल, आणि हद्द ठरली तर ती ठरू नये म्हणून सांडलेल्या रक्ताची किंमत कोण देणार? म्हणून ती शिंक्यात घालून इथं देवळात, तुळईला टांगली. ती आत दिसते आहे, तीच. देवळाच्या आत जाऊन ती पहिल्यांदा रुपाईनं टांगली. तिला अडवायला गुरव उभा राहिला नाही. पुढे गोऱ्या साहेबाचे मोजणीदार साखळ्या घेऊन आले, तेव्हा गावानं माती उतरवून डोक्यावर घेतली आणि चाल सुरू केली. मोजणीदारांनी आठ दिवस वाट पाहिली, आणि नकाशावर सड्याच्या जागी कोरं ठेवून गेले, असं म्हणतात.

याची फळंही आम्ही भोगतो. रस्त्याचा अर्ज एका तालुक्याला केला की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तुम्ही जी वाट चढून आलात तीच आमची वाट. तीन वर्षांपूर्वी बौद्धवाडीतल्या एका बाळंतिणीला डोलीत घालून उतरवत होतो, ती निसणीच्या मध्यावर गेली. डोलीचा एक खांदा माझा होता. तरुण पोरं मला म्हणतात, गुरुजी, टेकवू या एकदाची. कोणाचे तरी होऊ. त्यांना मी काय सांगू? ते चूक बोलत नाहीत. दरवर्षी गावसभेत हा विषय निघतो, दरवर्षी सगळे बोलतात, आणि शेवटी रुपाईच्या घरच्यांकडे, तिनं पुढे दत्तक घेतलेल्या मुलाच्या वंशाकडे, बघतात. ते नाही म्हणतात. मग विषय तिथंच राहतो.

आजही कार्तिक वद्य पंचमीला माती खाली उतरते आणि दिवसभर तिन्ही वाड्यांच्या डोक्यांवरून फिरते. पहिला फेरा रुपाईच्या घराचा. सध्या त्यांच्यातली वनिता येते, खालच्या शहरात परिचारिका आहे, त्या दिवशी रजा काढते. ती माती घेते तेव्हा चाळक्यांच्या घरातल्या थोरल्यानं उघड्या डोक्यानं वाटेवर उभं राहायचं असतं. गेली सव्वीस वर्षं मी उभा राहतो. ती समोर येऊन थांबते. पहिल्या वर्षी ती लाजली होती, "वाट सोडा" एवढंच म्हणाली, मला गुरुजी म्हणायची सवय. मीच तिला म्हणालो, म्हण बाई, पूर्ण म्हण.

आता ती स्पष्ट म्हणते. मी गवतात उतरतो.